गौरवग्रंथ आणि चौथा पाय

जावक क्र. ११/२००६
यवतमाळ, ५ जून २००६

प्रिय घनश्याम,
स. न. वि. वि.

विषय: माझी एकसष्टी.

हसू नकोस. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत घासून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला विषय लिहिल्याशिवाय मजकूर सुचत नाही. तुमच्या गावच्या किराणा दुकानात फोन आहे, माहीत आहे मला. पण फोनवर बोललेलं फाईलला लागत नाही. खासगी पत्रांचीही जावक नोंद मी एका वहीत ठेवतो, हे रत्नप्रभेला परवा परवा कळलं. तेव्हापासून ती हातात भाजीची पिशवी देतानासुद्धा "आवक की जावक?" असं विचारते. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढी गंमत मी पहिल्यांदाच पुरवली.

तर, येत्या २४ ऑगस्टला माझी एकसष्टी साजरी होत आहे. 'होत आहे' असंच लिहायचं, 'मी करतो आहे' बरं दिसत नाही. गौरव समिती स्थापन झाली आहे. अध्यक्ष मिळायचे आहेत. सचिव म्हणून शेजारच्या मारोतरावांचं नाव छापलं आहे, त्यांना अजून कळवलेलं नाही. जिल्ह्यात कापसाच्या प्रश्नावर इतक्या समित्या आणि पाहुणे येताहेत की एक हॉल मिळेल तर शपथ. आख्ख्या ऑगस्टात हा एकच दिवस मोकळा निघाला. मॅनेजर म्हणाला, "साहेब, त्या दिवशी हॉल कोणी मागतच नाही." म्हटलं, याला म्हणतात नशीब.

त्या दिवशी 'यज्ञपर्व' हा गौरवग्रंथ निघेल. एकोणीस मान्यवरांचे एकोणीस लेख. लोकांना वेळ नसतो, म्हणून ते सगळे मीच लिहिले आहेत, प्रत्येकाने फक्त सही करायची. तुझा लेख सोबत आहे: 'माझा प्रज्ञावंत बालमित्र'. त्यात "त्याच्या डोळ्यांत तेव्हापासूनच एक तेज होते" असं तू म्हणाला आहेस. ते मात्र काढू नकोस, फार छान म्हणाला आहेस.

सही करून परतीच्या डाकेने पाठव. कोकिळावहिनींना नमस्कार.

तुझा,
यज्ञेश्वर


नेर, १९ जून

येग्या,

तुह्यं पाकीट भेटलं. कोकिळानं लेख वाचून दाखवला. अर्ध्यातच आमी दोघं असे हासलो का चुलीवरचं दूध उतू गेलं. राग नको धरू.

सही मी करत नाई. अबे, मी जलमात कोनाले 'प्रज्ञावंत' म्हनलो नाई, तुलेच कायले म्हनू? अन् डोळ्यातलं तेज कोनतं? चौथीत तुह्ये डोळे आलते, महिनाभर लाल होते, ते का?

दुसरं. २४ ऑगस्टले तान्हा पोळा हाये! सारे लेकरं लाकडाचे बैल घेऊन रस्त्यावर, अन् त्याईचे आजेबाबा त्याईच्या मांगं. तुह्या हालात कोन येईन, खुर्च्या? तो मॅनेजर खरं बोलला, तुले समजलं नाई. अन् तू तं जलमलाच तान्ह्या पोळ्याले. तुही माय सांगे, बाहेर लेकरं बैल फिरवून राह्यले होते अन् आत तू रडला. सर्विस बुकातली एक जुलै तं गुर्जीनं ठोकलेली. सोताचा वाढदिवस इसरनारा मानूस एकसष्टी करून राह्यला, वा रे वा!

तुले माहीत हाये, सन ९८ ले कापसाच्या पीक स्पर्धेत माह्या तालुक्यात पहिला नंबर आलता. मोठी ढाल भेटली. मंग दुसऱ्या वर्षी नंबर राखाचा होता, तिसऱ्या वर्षी वाढवाचा होता. तीन वर्षं मी कोकिळाशी कापसाबिगर दुसरं बोललो नाई. ते तापीनं फणफणली होती तं मी तिले बोंडअळीचं सांगत बसलो. ते ढाल आता मडक्यावर झाकन हाये. बराबर बसते.

तुह्यावर लेख मी लिहीन, पन माह्या मनानं. मले तुही एकच गोष्ट आठवते. ते आठवून ठेवली हाये.

तू जरा बस बावा. कायले येवढा पयतं, धावतं?

घन्या


जावक क्र. १४/२००६
यवतमाळ, ८ जुलै २००६

प्रिय घनश्याम,

संदर्भ: तुझे १९ जूनचे पत्र, ज्यामुळे मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तान्हा पोळा! अरे, कार्डं छापून झाली. विदर्भात जन्मून, त्याच दिवशी जन्मून, मी हे विसरलो. आता तारीख बदलली तर हॉल थेट नोव्हेंबरात मिळेल. रत्नप्रभेला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, शाली तरी वाचतील." माझ्याकडे आजवरच्या सत्कारांच्या चौदा शाली आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचं काय करायचं हा प्रश्न तिने गव्हाच्या कोठ्यांवर टाकून सोडवला आहे.

तिचाही लेख मीच लिहिला होता: 'सहजीवनाची सोनेरी वाट'. चष्मा लावून तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्या बाई कोण?" मी म्हटलं, तू. ती म्हणाली, "मी नाही बा. माझं मी लिहीन, सुचलं तर." तेव्हापासून एक कागद तांदळाच्या डब्यात ठेवलेला आहे. कोरा आहे की लिहिलेला, कळायला मार्ग नाही. डबा उघडला की ती स्वयंपाकघरातून नुसती खाकरते.

तू 'बस' म्हणालास, तेही मी केलं. मनावर घेतलं की मी मागे हटत नाही. इथे पाच दिवसांचं ध्यान शिबिर होतं, त्यात नाव घातलं. सर्वांत आधी डोळे मिटले आणि सर्वांत शेवटी उघडले. इतरांचं कसं चाललं आहे हे पाहायला मधूनमधून एक डोळा उघडावा लागे, तेवढं सोड. शेवटच्या दिवशी नंबर कधी जाहीर होणार असं विचारलं, तर गुरुजी म्हणाले, इथे नंबर नसतात. ही त्या शिबिराची मोठी उणीव आहे. प्रमाणपत्र मात्र दिलं, ते फ्रेम करून बैठकीत लावलं. रोज सकाळी पाच ते पावणेसहा अंतर्मुख होतो आणि वहीत टक्केवारी टाकतो. काल मन चाळीस टक्के शांत होतं. आज पस्तीसवर आलं, म्हणून दिवसभर चिडचिड झाली.

सह्या भराभर येत आहेत, काळजी नको. प्रमुख पाहुणे तेवढे मिळत नाहीत. मोठी माणसं सगळी खेड्यापाड्यांत कापूस बघत फिरताहेत. माझी एकसष्टी नेमकी कापसाच्या वाईट वर्षात यावी!

तुला बसून काय सापडलं, ते तरी सांग. मी करू तरी काय?

तुझा,
यज्ञेश्वर


नेर, २२ जुलै

येग्या,

धावजी कंडक्टरच्या हाती पिशवी पाठोली हाये, स्टँडावर जाऊन घे. आत बैल हाये. वळखला का? पांगऱ्याच्या लाकडाचा. पाचवीत असतानी तू माह्यासाठी करून राह्यला होता. तीन पाय झाले अन् तुह्यी स्कालरशिपची परीक्षा आली. "चौथा दिवाळीच्या सुट्टीत करून देतो" म्हने. मंग तू यवतमाळले शिकाले गेला तो गेलाच. पन्नास वर्षं झाले, आमी त्याच्या पोटाखाली बॅटरीचा सेल ठेवून उभा करतो.

तुह्यी हेच एक गोष्ट मले आठवते. काय करू म्हनतं ना? पाय कर. पोळ्याच्या आधी धाडजो.

घन्या


यवतमाळ, ७ ऑगस्ट २००६

घन्या,

बैल मिळाला. पिशवीतून काढला आणि स्टँडवरच बसलो, बाकावर. त्याच्या पोटाखाली मी कर्कटकाने कोरलेलं 'य' अजून आहे. पहिल्यापासून नाव घालायची हौस दांडगी, तेही लक्षात आलं.

आता खरं सांगतो. सह्या भराभर येत नाहीत. एकोणीस पाकिटांतून दोन महिन्यांत चारच परत आली. आणि त्या चारांतलं एक ऐक. आमचे जुने हेडक्लार्क नेमसिंग यांना मी 'कर्तव्यकठोर अधिकारी' हा लेख पाठवला होता. निदान माझी तशी समजूत होती. पाकिटं भरताना अदलाबदल झाली आणि त्यांच्याकडे रत्नप्रभेचा नाकारलेला लेख गेला. आमच्या कचेरीचा शिरस्ता तुला ठाऊक नाही: वरून कागद आला की वाचायचं नाही, खाली सही ठोकायची. नेमसिंगांनी इमानेइतबारे ठोकली, वर हुद्द्याचा शिक्काही मारला. त्यामुळे "यांच्या हातात हात दिला तेव्हा मी अवघी वीस वर्षांची होते" ह्या वाक्याखाली आता 'नेमसिंग, निवृत्त हेडक्लार्क' असं आहे. कागदोपत्री ते माझी धर्मपत्नी झाले.

रत्नप्रभा हसून हसून खाली बसली. मीही हसलो. मग घन्या, हसता हसता मला एकदम रडू आलं. न वाचता सही करणारा एक माणूस, आणि तू सोडून, वाचलंही नसेल असे चौदा. मी लिहिलं नाही तर माझ्याबद्दल कोणी एक ओळसुद्धा लिहिणार नाही, ही भीती मला पहिल्यापासून होती रे. म्हणूनच तर एकोणीस लेख लिहीत बसलो. स्वतःचं कौतुक करायला कोणाला हौस असते? असते, मला आहे, पण एकोणीस वेळा नाही.

त्या दुपारी सुताराकडून पटाशी आणि कानस मागून आणली आणि ओट्यावर बसलो. पहिला पाय लांब झाला, बैल मागून उचलला गेला. कानसला, तर आखूड झाला. मग उरलेले तीन त्याच्या मापाने कानसले. मग तो लांब वाटायला लागला. असं करता करता तुझा बैल चार दिवसांत बोटभर खाली बसला आहे. वेळीच थांबलो नसतो तर ससा झाला असता. शेवटी जुने पाय सोडले आणि पाचव्यांदा नवा तुकडा घेतला.

एका दुपारी असाच घासत बसलो होतो. रत्नप्रभेने चहा आणून ठेवला, तो कधी गार झाला कळलं नाही. ती सूप घेऊन शेजारी तूर निवडत बसली होती, तेही उशिरा कळलं. घड्याळात पाहिलं तर दोन तास गेले होते आणि मी त्या दोन तासांत कोणीच नव्हतो. अधीक्षक नाही, प्रज्ञावंत नाही, सत्कारमूर्ती नाही. इतकं बरं वाटलं की लगेच उठून टक्केवारीच्या वहीत 'शंभर' लिहिलं. आणि लिहिताक्षणी सगळं गेलं! मग डोक्यात आलं, तान्ह्या पोळ्याला उत्कृष्ट बैलाची स्पर्धा असते, त्यात हा पाठवला तर? बक्षीस स्वीकारताना काय बोलायचं तेही मनात तयार झालं. माझ्यासारख्या माणसाला सुधारायला वर यमराज समिती नेमतील.

पाय आता बसला आहे, सरस वाळतो आहे. २४ तारखेचा कार्यक्रम उरकला की पुढच्या आठवड्यात धावजीच्या हाती बैल पाठवतो. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतील ना?

येग्या

(जावक क्रमांक घालायचा राहिला. राहू दे.)


नेर, १६ ऑगस्ट

भाऊजी,

नमस्कार. मी कोकिळा. हे तुम्हाले सांगत नाईत म्हनून मी लिहून राह्यली. ह्याईले माहीत नाई.

तुमचं पत्र आलं. हे वाचून म्हनले, "चालते, पोळा झाल्यावर येईन बैल." अन् उठून वावरात चालले गेले. भाऊजी, आमच्या घरी यंदा दुसरा बैल नाई. मांगच्या साली कापूस इथल्या खरेदी केंद्रावर तीन दिवस उभा राह्यला अन् मातीमोल गेला. चैतात ह्याईनं जोडी इकली. लोकाईले सांगतात का यंदा ट्रॅक्टरानंच वखरलं, सोपं पडते. पन सकाळी उठले का आंगाच्या सवईनं गोठ्याकडे जातात, अन् तिथून परत येतात.

पोळ्याले पुजाले घरात येवढाच एक बैल होता. तोच ह्याईनं तुमच्याकडे धाडला. मी म्हनलं, नंतर धाडा. तं म्हने, "त्याले आता पाह्यजे." आमची नात निकिता सहा वर्षांची हाये, ते रोज इचारते, बैल दवाखान्यातून कवा येनार.

तुमचा कार्यक्रम मोठा हाये, मले समजते. जमलं तं बैल तेवढा बुधवारच्या आत धाडून द्या.

कोकिळा


यवतमाळ, १८ ऑगस्ट २००६

वहिनी,

हॉल सोडला. मॅनेजर म्हणाला, बरं झालं, मलाही नातवाला घेऊन जायचं होतं. मारोतरावांना ते सचिव होते हे सांगितलं आणि आता नाहीत हेही सांगितलं. त्यांनी दोन्ही चांगलं घेतलं.

मंगळवारी दुपारच्या बसने येतो. बैल धावजीच्या हाती देणार नाही, माझ्या मांडीवर आणीन. घन्याला काही सांगू नका. मी त्याला फार मूर्खासारखं लिहिलं, त्याची लाज वाटते.

यज्ञेश्वर


नेर, २४ ऑगस्ट २००६

प्रिय रत्नप्रभा,

तुला पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे मायना तीनदा बदलला. इथला उकंडा सकाळी दूध घेऊन यवतमाळला निघतो, त्याच्या हाती हे देतो. तुझा गुडघा दुखला नसता तर तूही इथे असतीस आणि मला हे तिखटमीठ लावून सांगता आलं नसतं.

काल पोळा झाला. गावच्या जोड्या वाजतगाजत तोरणाखाली गेल्या. घन्या गेला नाही, गोठ्याच्या ओट्यावर बसून राहिला. वहिनींनी पाटावर आपला लाकडाचा बैल ठेवला, हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. रिकाम्या दावणीकडे पाहून मला भडभडून आलं. मी जाऊन घन्याजवळ बसलो. तुझा विश्वास बसणार नाही, मला एकही वाक्य सुचलं नाही, आणि मी ते शोधलंही नाही. शेवटी तोच म्हणाला, "पाय बरा बसला हाये." मी म्हटलं, "जरा आखूड आहे." तो म्हणाला, "असू दे."

आज तान्हा पोळा. निकिताने बैल चाकाच्या फळीवर बांधून त्याला झूल घातली. झूल कशाची, ते ऐक: मी पिशवीत बैल गुंडाळून आणला ती शाल, जिल्हा कर्मचारी पतसंस्थेची. चौदांपैकी एक तरी शाल योग्य अंगावर पडली. घरोघरी तिला बोजारा मिळाला, कोणी नाणं दिलं, कोणी लाडू. चार वाजता, म्हणजे बरोबर माझ्या सत्काराच्या मुहूर्तावर, मी चिखलात वाकून बैलाच्या चाकातलं गवत काढत होतो.

आता कबुली. शाळेपुढे उत्कृष्ट बैलांचे नंबर जाहीर झाले तेव्हा माझी मान आपोआप उंच झाली. खोटं कशाला बोलू? पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. माझं तोंड उतरलेलं पाहून निकिता म्हणाली, "आबा, त्याईचे बैल नवे हायेत. आपला बिमारीतून उठला हाये." मला मग हसू आलं.

घन्याकडे लेख मागितला. म्हणाला, "पाय लागला, आता काय लिहू?" म्हणजे एकोणीसातला एक खरा लेख होता, तोही मीच पटाशीने मिटवला. 'यज्ञपर्व' आता निघणार नाही. तुझा तांदळातला कागद मात्र मला वाचायला हवा आहे. छापायला नको, नुसता वाचायला. कोरा असला तरी चालेल.

शनिवारी हरतालिकेला पोचतो.

यज्ञेश्वर


यवतमाळ, २५ ऑगस्ट २००६

अहो,

उकंडा दारात उभा आहे, त्याच्याच हाती देते. तुमच्यावरचा लेख खाली देते. कोरा नव्हता. जूनमध्ये लिहिला होता तो खोडला, कारण त्यात नुसत्या तक्रारी होत्या. दुसरा ऑगस्टमध्ये लिहिला. तो असा:

'माझे यजमान. चौतीस वर्षं हे घरात होते, पण कायम कुठेतरी निघालेले. जेवताना पुढची परीक्षा, झोपताना पुढची बढती, निवृत्त झाले तर पुढचा सत्कार. मी काय करताय म्हणून विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर असे, "महत्त्वाचं काम आहे." पाच ऑगस्टच्या दुपारी हे ओट्यावर बसले होते, मांडीवर तीन पायांचा बैल आणि मिशीवर लाकडाचा भुसा. मी चहा ठेवला, तो गार झाला. जवळ बसले, तरी पाहिलं नाही. शेवटी विचारलं, काय करताय? हे म्हणाले, "काही नाही." चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हे घरी आले.'

एवढंच. सही माझी आहे, नेमसिंगांची नाही.

शनिवारी लवकर या, मला उपास आहे, पण तुमचा स्वयंपाक करून ठेवते. रविवारी गणपती बसायचे आहेत आणि त्यांच्या चौरंगाचा एक पाय सहा वर्षांपासून डगमगतो आहे. दर वर्षी मी त्याखाली कागदाची घडी घालते. पटाशी सुताराला परत दिली नाही, ओट्यावर ठेवली आहे. सावकाश करा. चहा गार झाला तर मी दुसरा ठेवीन.

रत्नप्रभा